५९ हजारांची रेघ

रमजान जवळ आला की आपल्या घरांत एक चौकशी हमखास सुरू होते. चांदीचा भाव काय चाललाय? घरात थोडा दागिना आहे, पतपेढीत थोडी शिल्लक आहे, तर जकात फर्ज होते की नाही हे ठरवायला साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीची आजची किंमत काढावी लागते. गेल्या वर्षीचा आकडा यंदा चालत नाही. निसाबची ही रेघ धातूच्या वजनात आखलेली असल्यामुळे बाजारभावाबरोबर तीही सरकते. ती सरकवण्यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागत नाही की मंत्रालयात फाइल फिरवावी लागत नाही.

सरकारही अशा रेघा आखते. स्वस्त धान्य कुणाला, मुलांची शिष्यवृत्ती कुणाला, कामगाराला कमीत कमी पगार किती, प्राप्तिकर कुणी भरायचा, या प्रत्येकासाठी एक रक्कम ठरलेली असते. गरीब-श्रीमंतांतले अंतर आणि ते आटोक्यात ठेवण्याचे सरकारचे काम, या विषयावर लिहायचे ठरवून आम्ही उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत हिंडलो. लोक आमच्याशी ‘विषमता’ वगैरे शब्दांत बोललेच नाहीत. ते बोलले रेशन कार्डावर, उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि पगाराच्या दिवशी हातात पडणाऱ्या नोटांवर. म्हणून हा लेखही त्याच कागदांच्या मागे जाणार आहे.

मध्य रेल्वेवर कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालो की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. या पट्ट्यातला उद्योगधंदा रानातल्या गवतासारखा आपोआप उगवलेला नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना सरकारने वसवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. सगळे मागे टाकून आलेल्या माणसांना छप्पर मिळाले, पुढे १९५४ च्या कायद्याने सिंधमध्ये राहिलेल्या मालमत्तेबद्दल भरपाई मिळाली, आणि त्यावर त्यांनी अफाट कष्टाने बाजारपेठ उभी केली. कष्ट त्यांचेच. पण पहिली वीट सरकारने ठेवली होती, हे उल्हासनगरच्या व्यापाराचे कौतुक करताना सहसा कुणी सांगत नाही.

अंबरनाथचेही तसेच. १९२० च्या दशकात इथे विम्कोचा काडेपेटीचा कारखाना आला, पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हे संरक्षण खात्याचे कारखाने आले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींत अंबरनाथ होते. या कारखान्यांना आणि आसपासच्या शहरांना पाणी देणारे बदलापूरजवळचे बारवी धरणही त्याच महामंडळाचे. जमीन, पाणी, रस्ता, वीज सरकारने दिली. तेव्हा ‘बाजारात सरकारने लुडबूड करू नये’ असे कुणी म्हटले की आम्हाला ते या पट्ट्यात तरी पटत नाही. लुडबूड झालेलीच आहे. ती कुणाच्या बाजूने चालू राहिली आणि कुणाच्या बाजूने थांबली, एवढेच पाहायचे उरते.

उल्हासनगरचा जीन्सचा धंदा सर्वांना माहीत आहे. कॅम्प पाचच्या बाजूला गेलात तर एका पँटची किती ठिकाणी वरात निघते ते दिसते. एका गाळ्यात कटिंग, दुसऱ्यात शिलाई, तिसरीकडे काज-बटण, मग धुलाई, मग धागे कापणे, इस्त्री, पॅकिंग. प्रत्येक टप्प्याचा ठेकेदार वेगळा. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडातून आलेली तरुण मुले मशीनवर बसतात आणि बऱ्याचदा रात्री तिथेच झोपतात. धागे कापण्याचे काम मात्र घरात येते. गल्लीतली एखादी बाई ठेकेदाराकडून गठ्ठे आणते, आजूबाजूच्या घरांत वाटते, संध्याकाळी गोळा करते. आपल्या मोहल्ल्यांत हे काम खूप आहे, कारण बाईला उंबरा ओलांडावा लागत नाही आणि मुलांकडेही लक्ष राहते. मुसलमान कुटुंबांत घरबसल्या कामाचे आणि स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त असल्याचे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते. अहवालातला तो परिच्छेद इथे निळ्या दोऱ्यांच्या ढिगाशेजारी बसलेला दिसतो.

मजुरी नगावर. समजा एका पँटचे दोन रुपये मिळाले आणि स्वयंपाकपाणी सांभाळून दिवसाला साठ पँटी झाल्या, तर १२० रुपये. महिन्याचे २६ दिवस काम मिळाले, जे मिळत नाही, तर ३,१२० रुपये. बिघडलेल्या नगाचे पैसे कापले जातात ते वेगळे. एका घरात आम्ही विचारले, यालाही किमान वेतनाचा कायदा लागू आहे, ठाऊक आहे का? बाजी हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘तो कारखान्यात असतो ना?’’

तसे नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतच अशा माणसाला घेतले होते, ज्याला दुसरा कुणीतरी माल देतो आणि जो तो माल स्वतःच्या घरी शिवतो, धुतो, सजवतो किंवा पुरा करून देतो. नगावर काम असले तरी ठरलेल्या वेळेच्या मजुरीपेक्षा कमी देता येणार नाही, हेही त्यात लिहिलेले होते. स्वातंत्र्याला वर्ष होण्याआधी कायदा करणाऱ्यांना घरात बसून धागा कापणारी बाई दिसली होती. तिच्यापर्यंत निरीक्षक मात्र कधी पोहोचला नाही. आता त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे आणि घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. निरीक्षक अजूनही आलेला नाही.

आता रेशनचे गणित. ते नीट करून पाहण्यासारखे आहे.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. तो महाराष्ट्रात लागू करताना शहरातल्या ‘प्राधान्य कुटुंबा’साठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली ५९ हजार रुपये, खेड्यात ४४ हजार. प्राधान्य कुटुंबाला दर महिन्याला माणशी पाच किलो धान्य मिळते, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. चार-पाच माणसांच्या घरात वीस-पंचवीस किलो धान्य म्हणजे महिन्याचा मोठा आधार. आता ५९ हजारांना बाराने भागा. महिन्याला ४,९१६ रुपये होतात. एका माणसाचे नव्हे, अख्ख्या कुटुंबाचे.

याच राज्य सरकारने ठरवलेले किमान वेतन बहुतेक उद्योगांत, महागाईसाठीचा विशेष भत्ता धरून, अकुशल कामगारालाही महिन्याला दहा हजारांच्या वर जाते. दहा हजारच धरू. वर्षाचे झाले १ लाख २० हजार. म्हणजे घरातल्या एकट्या कमावत्या माणसाला कायद्याने ठरलेला सगळ्यात खालचा पगार मिळाला, तरी ते घर ५९ हजारांच्या दुपटीवर जाते. केशरी कार्डाची एक लाखाची मर्यादाही ओलांडते आणि सरळ शुभ्र कार्डाच्या रांगेत जाऊन बसते, जिथे मोटारगाडीवाले बसतात. दोन्ही आकडे एकाच सरकारचे. कामगार विभागाचा आकडा अन्न व नागरी पुरवठा विभागाने कधी मागवून पाहिला असेल असे वाटत नाही.

केंद्राने २०१९ मध्ये जाहीर केलेले राष्ट्रीय पातळीवरचे किमान वेतन होते दिवसाला १७८ रुपये. त्याला २६ ने गुणले की येतात ४,६२८. रेशनच्या ४,९१६ ला शोभणारा आकडा हा! दिवसाला १७८ रुपयांत घर चालवणारा माणूस सरकारच्या लेखी गरीब, आणि त्याच्या वर गेला की हळूहळू नाही, एकदम बाहेर.

यातून काय होते ते अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्या एका भाईंनी आम्हाला सांगितले. त्यांच्या ठेकेदाराने पगार बँकेत टाकायला सुरुवात केली तेव्हा काही कामगारांनीच हात जोडले, की अर्धा हातात द्या. खात्यावर पूर्ण पगार दिसला तर दाखला वाढीव येईल आणि कार्ड जाईल, ही भीती. ठेकेदाराला आयतेच फावले. निम्मा पगार कागदावर आला की भविष्यनिर्वाह निधीही निम्म्यावर भरायचा. त्यांच्या बेगम मधेच म्हणाल्या, ‘‘खरा पगार लिहिला तर रेशन जातं, खोटा लिहिला तर बँक कर्ज देत नाही. आम्ही लिहायचं तरी काय?’’ उत्पन्न कमी दाखवणे गैर आहेच. पण जो नियम प्रामाणिक माणसाला दर महिन्याला पंचवीस किलो धान्याचा दंड लावतो, तो नियमही तपासायला नको का?

बदलापूरची अडचण आणखी निराळी. २००१ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ९८ हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर किती वाढली ते सांगायला जनगणनाच झालेली नाही, पण स्टेशनच्या दोन्ही बाजूंना उठलेल्या इमारती पाहिल्या की अंदाज येतो. मुंब्रा, कुर्ला, धारावीत भाडे परवडेना म्हणून आपलीही कितीतरी कुटुंबे इकडे सरकली आहेत. अन्नसुरक्षेत महाराष्ट्रासाठी लाभार्थ्यांची संख्या मात्र २०११ च्या जनगणनेवरून ठरलेली आहे, सुमारे ७ कोटी. शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के, ग्रामीणपैकी ७६.३२ टक्के. कचेरीत या कोट्याला ‘इष्टांक’ म्हणतात. कागद सगळे बरोबर असले, उत्पन्न खरोखर कमी असले, तरी ‘इष्टांक संपला’ हे दोन शब्द ऐकून माणूस परत येतो. त्यात नाराज व्हायचे तरी कुणावर? खिडकीमागच्या कारकुनाच्या हातात काहीच नसते.

महागाई वाढली की काही रेघा सरकतात, काही जागच्या हलत नाहीत. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. सातव्या वेतन आयोगाने केंद्रातला सर्वांत कमी मूळ पगार १ जानेवारी २०१६ पासून १८ हजार केला. जानेवारी २०२४ मध्ये भत्ता ५० टक्क्यांवर गेला, म्हणजे भत्ता धरून तो २७ हजार झाला. हे योग्यच आहे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कायम नोकरीला असलेल्या माणसाची मुले कशी शिकली आणि त्याच फाटकातून कंत्राटावर आत जाणाऱ्याची कशी शिकली, हे त्या गावात कुणालाही विचारा. किमान वेतनातला विशेष भत्ताही दर सहा महिन्यांनी किमतींच्या निर्देशांकाप्रमाणे बदलतो, निदान राजपत्रात तरी.

प्राप्तिकराची रेघ तर धावली आहे. अन्नसुरक्षा कायदा आला त्या २०१३-१४ साली दोन लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त होते. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. बारा वर्षांत सहापट. आमच्या वाचकांत शिक्षक आहेत, बँकेत नोकरी करणारे आहेत, त्यांना हा दिलासा मिळाला याचा आम्हाला आनंदच आहे. कंपन्यांनाही मिळाला. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती न घेणाऱ्या देशी कंपन्यांचा मूळ कर ३० टक्क्यांवरून २२ वर आला. अतिश्रीमंतांवरचा संपत्ती कर त्याआधीच, २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला होता. या साऱ्या काळात शहरी गरिबाची ५९ हजारांची रेघ दहा वर्षे उलटून गेली तरी तिथेच राहिली. तूरडाळीचा, गॅसचा, खोलीच्या भाड्याचा भाव २०१३ मध्ये काय होता ते घरातल्या बाईला विचारा. रेघ जागेवर ठेवणे म्हणजे दर वर्षी ती थोडी खाली ओढणे. हे करायला कुठला निर्णय घ्यावा लागत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

बाकीच्या खिडक्यांवर वेगळेच आकडे. शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांसाठी दुर्बल गटातल्या पालकांचे उत्पन्न एक लाखाच्या आत हवे. लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांच्या आत. आर्थिक दुर्बल घटकांच्या दहा टक्के आरक्षणात आठ लाखांच्या आत. एकच घर एका खिडकीवर गरीब ठरते आणि दुसऱ्या खिडकीवर खाऊन-पिऊन सुखी.

पगारपत्रक मिळत असेल तर त्यावर ‘व्यवसाय कर’ ही ओळ पाहा. तिच्यामागे एक अभिमानाची गोष्ट आहे. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती असताना त्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना निघाली. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कामी आली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आणायचा? शहरात पगार घेणाऱ्यांकडून. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला आणि सरकारने आपल्याकडून तेवढीच भर घालायची असे ठरले. शहरातला नोकरदार खेड्यातल्या मजुराच्या चुलीसाठी दरमहा थोडे पैसे देतो, ही सोय महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी केली होती. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यापुढे हाच नमुना होता.

आता त्याच कराची दुसरी बाजू. महिना दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० भरावे लागतात. महिन्याला १२ हजार कमावणारा हेल्पर २,५०० भरतो. महिन्याला दोन लाख कमावणारा व्यवस्थापकही २,५००च भरतो. हेल्परच्या वर्षाच्या कमाईतले पावणेदोन टक्के गेले, व्यवस्थापकाचा एक दशांश टक्का. राज्याला याहून जास्त घेता येत नाही, कारण संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदात ही कमाल मर्यादा आहे आणि ती १९८८ च्या दुरुस्तीनंतर हललेली नाही. स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर माफ झाला, ही चांगली गोष्ट झाली. पुरुष मजुराला माफी साडेसात हजारांपर्यंतच. तेवढा पगार आज कागदावर कुणाला असतो?

देशपातळीवरचे चित्र एका वाक्यात सांगता येते. जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या पॅरिसच्या संस्थेने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे २०२२-२३ साली भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता, तर खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे उत्पन्नाचा १५ टक्के. हे ऐकून हळहळ वाटते आणि विसरायला होते. दोनशे रुपयांचा व्यवसाय कर सहसा विसरत नाही.

सरकार ऐकतच नाही असे मात्र नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने काही नेहमीच्या लोकल बंद करून त्यांच्या वेळेला वातानुकूलित गाड्या सोडल्या. रूळ तेवढेच, वेळ तीच. एसी गाडीत जागा रिकाम्या आणि मागून येणाऱ्या साध्या गाडीच्या दारात माणसे लटकलेली. कळवा आणि बदलापूरचे प्रवासी रस्त्यावर नाही, स्टेशनवर उतरले. बदलापुरात त्यांनी स्टेशन मास्तरांच्या कचेरीला गराडा घातला. काही दिवसांतच रेल्वेने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. आम्हाला या घटनेत मोठा अर्थ दिसतो. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास ही या पट्ट्यातल्या कष्टकऱ्यांना मिळणारी सर्वांत मोठी सरकारी मदत आहे, आणि तिच्यासाठी कुठला दाखला लागत नाही. बदलापूरचा शिपाई आणि बदलापूरचा हिशेबनीस एकाच डब्यात चेंगरून जातात, म्हणून दोघे मिळून ओरडले. रेशनच्या रांगेत हिशेबनीस नसतो.

उलट उदाहरण वालधुनी नदीचे. अंबरनाथकडून येऊन उल्हासनगरच्या मधून कल्याणला जाणारी ही नदी रसायनांनी कधी लाल, कधी निळी वाहिली. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर नदीत टँकरमधून रसायन सोडल्याने काठावरच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना मळमळ, श्वासाचा त्रास झाला आणि रुग्णालयात न्यावे लागले. पुढे प्रदूषणाच्या खटल्यांनंतर जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर बडगा आला, वीज-पाणी तोडले गेले. नदी वाचली पाहिजे यात वाद नाही. पण त्या कारखान्यांत उभे राहून काम करणाऱ्या मुलांच्या मजुरीचे काय, हा प्रश्न कुणाच्या अजेंड्यावर नव्हता. मालकांनी काही युनिटे शहराबाहेर खेड्यांच्या कडेला हलवली. पोरे कुठे गेली? काही त्यांच्या मागे, काही परत गोंडा-बस्तीला. याच उल्हासनगरात अनधिकृत इमारती नियमित करण्यासाठी विधिमंडळाने २००६ मध्ये खास एका शहरापुरता कायदा केला होता. घर वाचवणे माणुसकीचेच होते. मजुरी वाचवण्यासाठी असा खास कायदा निघाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आपल्या परंपरेत बाजारावर नजर ठेवणारा मुहतसिब असे. वजन, माप, मालातली भेसळ आणि व्यवहारातली फसवणूक पाहणे हे त्याचे काम. खातेदाराची चूक शोधणे नव्हे, तराजूवाल्याची. आजही दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का दर वर्षी बसतो. पण मजुरीच्या काट्यावर शिक्का कोण मारणार? रेशन कार्डधारकाला बोटाचा ठसा देऊन ई-केवायसी करायला दुकानावर उभे केले जाते, घरातल्या प्रत्येक माणसाचा आधार जोडला जातो. ठसा उठत नसलेल्या म्हाताऱ्या दादीला तीन-तीन फेऱ्या होतात. तेवढ्याच कसोशीने ठेकेदाराचे मजुरी रजिस्टर तपासले गेल्याचे या तीन गावांत आम्हाला कुणी सांगितले नाही. उलट तिकडची रेघ सैल होत गेली. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी केली, आणि जीन्सच्या कितीतरी गाळ्यांत नऊच माणसे असतात. निदान विचारल्यावर.

हे लिहिताना आपल्याकडेही पाहायला हवे. या धंद्यातले काही ठेकेदार आणि कारखानदार आपलेच आहेत. रमजानमध्ये त्यांच्याकडून पीठ, तेल, खजुराची पाकिटे वाटली जातात, आणि ती घ्यायला येणाऱ्यांत त्यांच्याच गाळ्यातले कारागीर असतात. मजुरी वेळेवर आणि पुरी देण्याची शिकवण आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. कारागिराची थकलेली मजुरी हे देणे आहे, जकातीच्या खात्यात ते धरता येत नाही. आणि दुसरे. शहरातल्या बैतुलमालने वर्षभर कितीही राबून काम केले तरी ती दहा-वीस किंवा शंभर घरे सांभाळेल. ५९ हजारांच्या ठिकाणी राज्याने दीड लाख लिहिले तर एका ओळीने लाखो घरे सांभाळली जातील. म्हणून ‘सरकारकडे काय मागायचे, आपण आपले पाहू’ असे जे आपल्या बैठकांत ऐकू येते, ते आम्हाला मान्य नाही.

मागण्यासारखे काय आहे ते या तीन गावांतल्या लोकांच्या बोलण्यातूनच निघते. रेशनची मर्यादा किमान वेतनाशी जोडावी आणि ते वाढले की तीही आपोआप वाढावी. कार्ड एकदम बंद करण्याऐवजी उत्पन्न वाढेल तसे धान्य टप्प्याटप्प्याने कमी करावे, म्हणजे पगार लपवण्याचे कारण उरणार नाही. इष्टांक नव्या लोकसंख्येवर ठरावा. पुढची जनगणना जाहीर झाली आहे, तिचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांनी गणकाला ‘आम्ही गावाकडचे’ असे सांगून टाळू नये. बदलापुरात राहत असाल तर बदलापुरातच मोजले जा.

तोवर घरात करण्यासारखी दोन कामे आहेत. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू आहे. ती मोफत आहे, वय १६ ते ५९, आणि धागे कापणारी बाईही तिथे स्वतःच्या नावाने नोंद करू शकते. दुसरे काम मजुरीच्या हिशेबाचे. वेतन संहितेप्रमाणे कमी मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. मजुरी पूर्ण दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे. तरीही आपल्याकडे काही लिहिलेले असावे. कॅम्प पाचच्या त्या गल्लीत एक खाला रोज किती पँटी आल्या आणि किती पैसे मिळाले ते कॅलेंडरवर त्या-त्या तारखेच्या चौकोनात लिहितात. वर्ष संपले की कॅलेंडर रद्दीत जाते. ते घालू नका, गुंडाळी करून पेटीत ठेवा, एवढे आम्ही त्यांना सांगून आलो. त्यांनी मागच्या वर्षीचे कॅलेंडर शोधायला लगेच सुनेला माळ्यावर चढवले.